सीमेपलीकडे मदतीला जाताना : समाजकार्यकर्त्याला परवाना लागतो का, आणि जबाबदारी कोणाची?

रात्री साडेदहाला फोन वाजतो. "दादा, सुरतला भावाला जातीवरून मारलं. पोलीस तक्रार घेत नाहीत. तुम्ही येता का?" मलकापूर, नांदुरा, मोताळा या पट्ट्यातल्या कार्यकर्त्याला असा फोन नवा नाही. आपले गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ इथून सुरतकडे जातो आणि जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा लागतो. आपली माणसे पोटासाठी गुजरातला जातात, मुली बऱ्हाणपूरकडे नांदायला जातात, तिकडची माणसे इकडे येतात. संकटालाही सीमा नसते. कायद्याला मात्र सीमा असते.

फोन ठेवल्यावर कार्यकर्त्याच्या मनात तीन प्रश्न येतात. दुसऱ्या राज्यात जाऊन मदत करण्याचा मला अधिकार आहे का? तिथला अधिकारी "तुमचा परवाना दाखवा" म्हणाला तर काय दाखवायचे? आणि माझ्या हातून चूक झाली तर भोगायचे कोणी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या तरुणांना नीट माहीत असायला हवीत. माहिती नसल्याने काही जण घाबरून घरी बसतात, तर काही जण नको तेवढे धाडस करून पीडितालाच अडचणीत आणतात.

परवाना नावाची गोष्ट आहे का?

अमेरिकेत समाजकार्यकर्त्याला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी तिथल्या राज्यांनी आपसात करार करण्याचे ठरवले. किमान सात राज्यांनी तो स्वीकारण्याची अट होती आणि ती २०२४ मध्ये पूर्ण झाली. इंग्लंडमध्ये नोंदणी नसताना स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवून घेता येत नाही.

आपल्याकडे तसे नाही. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. ती संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पण वकिलांसाठी १९६१ चा अधिवक्ता अधिनियम आणि बार कौन्सिल आहे, तशी सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी परिषद किंवा परवान्याचा कायदा देशात नाही. अशा परिषदेची मागणी जुनी आहे. मसुदेही निघाले, पण संसदेने कायदा केलेला नाही.

म्हणजे एमएसडब्ल्यू झालेला तरुण असो की दहावी शिकलेला विहारातला कार्यकर्ता असो, एखाद्या पीडिताला पोलीस ठाण्यात सोबत घेऊन जाणे, अर्ज लिहून देणे, रुग्णालयात दाखल करणे, सरकारी योजनेची माहिती देणे यासाठी कोणताही परवाना लागत नाही. मलकापुरात लागत नाही आणि बऱ्हाणपुरातही लागत नाही. "परवाना दाखवा" असे कोणी म्हटले तर शांतपणे सांगावे की मी पीडिताच्या विनंतीवरून सोबत आलो आहे.

जिथे नोंदणी लागते ती कामे

काही विशेष कामांसाठी मात्र कायद्याने नोंदवही ठेवली आहे. आपल्यातले जे तरुण बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू करत आहेत त्यांनी हे तीन कायदे लक्षात ठेवावेत.

पहिला, भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२. अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या यादीत 'पुनर्वसन समाजकार्यकर्ता' हा प्रकार आहे. ही नोंदवही केंद्रीय आहे, त्यामुळे एकदा नाव लागले की ते देशभर चालते. नोंदणी नसताना असा व्यवसाय केल्यास शिक्षेची तरतूद आहे.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. 'मनोरुग्ण समाजकार्यकर्ता' कोणाला म्हणायचे हे त्यात ठरवून दिले आहे : समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर त्या विषयातली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. अशा व्यक्तींची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण करते आणि राज्यांच्या माहितीवरून केंद्रीय प्राधिकरण राष्ट्रीय नोंदवही ठेवते. म्हणून महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या व्यक्तीने मध्य प्रदेशातल्या केंद्रात नोकरी धरताना तिथल्या राज्य प्राधिकरणाकडे नोंदणीची चौकशी आधीच करावी.

तिसरा, संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२१. त्याच्या अनुसूचीत रुग्णालयात काम करणारे वैद्यकीय समाजकार्यकर्ते, मनोरुग्ण समाजकार्यकर्ते आणि काही समुपदेशक यांचा समावेश आहे. राज्य परिषदेची नोंदवही आणि केंद्रीय नोंदवही अशी रचना आहे. दवाखान्यात 'सोशल वर्कर' म्हणून नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी इथे लक्ष ठेवले पाहिजे, कारण पुढे नोकरी आणि बढती याच नोंदणीवर ठरू शकते.

थोडक्यात, मदत करायला परवाना लागत नाही. पण उपचार, समुपदेशन किंवा पुनर्वसन यांतला तज्ज्ञ म्हणून स्वतःची ओळख सांगायची असेल तर पात्रता आणि नोंदणी हवी. फी घेऊन समुपदेशन केले तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारही होऊ शकते. मोफत सेवा त्या कायद्यात येत नाही.

परवाना नाही, म्हणून जबाबदारी नाही असे नव्हे

अनेकांचा इथेच गैरसमज होतो. समाजकार्यकर्त्यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून तो कायद्याच्या बाहेर आहे असे नाही. प्रत्येक नागरिकाला लागू असलेले कायदे त्यालाही लागू आहेत आणि ते देशभर सारखेच आहेत.

पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "समाजात बोभाटा नको, आपसात मिटवू" म्हणत विहारात बैठक घेणारा कार्यकर्ता स्वतःच आरोपी होऊ शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र याच कलमाने संरक्षण दिले आहे.

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव किंवा ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा असून शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. बालकांच्या बाबतीत बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ वेगळे लागते. निषेधाच्या भावनेतून केलेले फेसबुक लाइव्ह, व्हॉट्सअॅपवर टाकलेली एफआयआरची प्रत, मोर्चाच्या फलकावरचा फोटो हे सगळे त्यात अडकू शकते. राग खरा असला तरी कायदा रागाची सूट देत नाही.

वकील आणि अशील यांच्यातले बोलणे कायद्याने गोपनीय असते. समाजकार्यकर्त्याला तसे संरक्षण नाही. न्यायालयाने साक्षीला बोलावले तर जे ऐकले ते सांगावे लागते. म्हणून "ताई, हे माझ्यापाशीच राहील" असे सरसकट वचन देऊ नका. "गरज नसताना कोणाला सांगणार नाही, पण कायद्याने विचारले तर सांगावे लागेल" असे आधीच स्पष्ट सांगा.

न्यायालयात बाजू मांडणे हे वकिलाचे काम आहे. सनद नसताना वकिली केल्यास अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. अर्ज लिहून देणे आणि वकील म्हणून उभे राहणे यातला फरक विसरू नये. तसेच दारूच्या व्यसनात अडकलेल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध परराज्यातल्या एखाद्या नोंदणी नसलेल्या केंद्रात नेऊन कोंडणे ही सेवा होत नाही, तो गुन्हा ठरू शकतो.

सीमेवरची तीन प्रकरणे

आता प्रत्यक्षात येणारे प्रसंग पाहू.

समजा, बऱ्हाणपूरला नांदणारी बहीण छळ सोसून मलकापूरला माहेरी आली. "गुन्हा तिकडे घडला, तिकडेच जा" असे तिला सांगितले जाते. हे चूक आहे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित महिला तात्पुरती जरी जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते आणि त्या न्यायालयाचा आदेश देशभर चालतो. हुंड्याच्या आणि छळाच्या फौजदारी तक्रारीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितले की विवाहितेने जिथे आश्रय घेतला तिथे तक्रार होऊ शकते. कार्यकर्त्याने संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे. कलम ४ प्रमाणे सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. मात्र दहा जणांना घेऊन बऱ्हाणपूरला जाऊन सासरच्यांना जाब विचारणे, सामान उचलून आणणे हे करू नये. त्याचा गुन्हा उलट आपल्यावर तिथल्या ठाण्यात दाखल होतो आणि मग तारखांसाठी तिकडे फेऱ्या माराव्या लागतात.

दुसरा प्रसंग. मलकापूर रेल्वे स्थानकावर परप्रांतातले हरवलेले लेकरू सापडले. मायेने घरी नेऊन जेवू घालावे, दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी सोडून यावे असे वाटते. तसे करू नका. १०९८ वर किंवा रेल्वे पोलिसांना लगेच कळवा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये 'समाजकार्यकर्ता' हा शब्द स्पष्ट आहे : तो बालकाला बाल कल्याण समितीसमोर हजर करू शकतो, पण प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत. बालकाला त्याच्या राज्यात परत पाठवण्याचा आदेश कलम ९५ प्रमाणे समिती देते आणि त्याआधी त्याच्या जिल्ह्यातल्या समितीशी विचारविनिमय करते. कागदाशिवाय बालकाला सीमेपार नेणाऱ्या माणसाकडे पोलीस कोणत्या नजरेने पाहतील याचा विचार करा. पालकाच्या संमतीशिवाय अठरा वर्षांखालील बालकाला नेणे हे अपहरण ठरू शकते. आंतरजातीय प्रेमविवाहात जोडप्याला दुसऱ्या राज्यात पोहोचवणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात ठेवावे. आधी वयाचा पुरावा डोळ्यांनी पाहा.

तिसरा प्रसंग, सुरुवातीचा फोन. सुरतला आपल्या बांधवावर जातीय अत्याचार झाला. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५क आले. त्याच्या बाराव्या पोटकलमात अत्याचारपीडिताला स्वयंसेवी संस्था, समाजकार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क पीडिताचा आहे आणि त्यातूनच तुमचे सोबत असणे कायदेशीर ठरते. म्हणून जाताना पीडिताचे सहीचे पत्र घ्या. "कलम १५क प्रमाणे मी अमुक व्यक्तीची मदत घेत आहे" एवढे एक वाक्य पुरते. कोणताही परवाना यापेक्षा मोठा नाही.

तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. यालाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. जखमी भाऊ मलकापूरला परत आला असेल तर मलकापूरच्या ठाण्यात तक्रार नोंदवून ती सुरतला पाठवता येते. ठाणे नाकारत असेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेत. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात एफआयआरपूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे कलम १८क सांगते.

इथे एक कायदेशीर गाठ आहे. आरक्षणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच म्हटले की एका राज्यातल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला स्थलांतर केलेल्या राज्यात त्या सवलती मिळत नाहीत. आरोपीचे वकील हाच मुद्दा अॅट्रॉसिटीच्या खटल्यात काढतात : "पीडित महाराष्ट्राचा, आमच्या राज्यात त्याला संरक्षण नाही." मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये हा युक्तिवाद नाकारला. सवलत वेगळी आणि अत्याचारापासून संरक्षण वेगळे. संरक्षण देशात कुठेही मिळाले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक आहे. गुजरात किंवा मध्य प्रदेशात तो बंधनकारक नसला तरी दाखला म्हणून वकिलाच्या हाती द्यावा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९९५ च्या अॅट्रॉसिटी नियमांतील नियम ११ प्रमाणे पीडित आणि साक्षीदार यांना तपास व सुनावणीसाठी राहत्या ठिकाणापासून जाण्या-येण्याचा प्रवास खर्च मिळतो. मलकापूरहून सुरतच्या न्यायालयात तारखेला जाणाऱ्या कुटुंबासाठी हा आधार मोठा आहे. पैसे नाहीत म्हणून तारीख चुकते आणि तारीख चुकली की खटला ढिला पडतो. तिकिटे जपून ठेवा आणि अर्ज करा.

धम्मदीक्षा आणि परराज्य

आपले कार्यकर्ते शेजारच्या राज्यांत धम्मदीक्षेचे कार्यक्रमही घेतात. तिथे वेगळे कायदे आहेत. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य कायद्यात धर्मांतराआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देण्याची तरतूद आहे, आणि ती फक्त दीक्षा घेणाऱ्यापुरती नाही, सोहळा पार पाडणाऱ्यावरही आहे. त्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलेले आहे. गुजरातच्या गृह खात्याने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात येण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. या कायद्यांना विरोध करण्याचा हक्क आपल्याला आहे. पण इथल्या सवयीने तिकडे कार्यक्रम लावून दीक्षार्थींना आणि भन्तेजींना खटल्यात अडकवू नये. आधी तिथल्या वकिलाशी बोलावे.

संस्था आणि ओळखपत्र

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवली. चळवळीला कागद लागतो हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. आपल्या मंडळाच्या घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिले आहे ते काढून पाहा. 'बुलढाणा जिल्हा' किंवा 'महाराष्ट्र राज्य' एवढेच असेल आणि संस्थेच्या पैशातून दुसऱ्या राज्यात काम होत असेल, तर हिशेब तपासणीत प्रश्न निघू शकतो. आधी ठराव करा, गरज असेल तर धर्मादाय कार्यालयात घटनादुरुस्ती करून घ्या.

बाजारात पाचशे रुपयांत 'मानवाधिकार अधिकारी' अशी ओळखपत्रे मिळतात, त्यांवर अशोकस्तंभ छापलेला असतो. त्यांपासून दूर राहा. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि सरकारी अधिकारी असल्याचा बनाव करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली वेगळा गुन्हा आहे. परराज्यात असे कार्ड निघाले की पीडिताची बाजू तिथेच पडते. खरी ओळख हवी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. प्रशिक्षण मिळते आणि अधिकृत ओळखपत्रही मिळते.

निघण्यापूर्वी एवढे करा

१. पीडिताचे किंवा कुटुंबाचे सहीचे संमतीपत्र घ्या. बालक असेल तर बाल कल्याण समितीशी आधी बोला.

२. स्वतःचे आधार कार्ड आणि संस्थेचा ठराव किंवा पत्र जवळ ठेवा.

३. एकटे जाऊ नका. पीडित महिला असेल तर महिला कार्यकर्ती सोबत हवीच.

४. तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. देशभरासाठी क्रमांक १५१०० आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि बालकाला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो.

५. कोणाला भेटलो, कधी भेटलो, काय ठरले याची वहीत नोंद ठेवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

६. पीडिताकडून प्रवासासाठी घेतलेला प्रत्येक रुपया लिहून ठेवा. पैशाचा आरोप कार्यकर्त्याला सगळ्यात लवकर संपवतो.

७. जे काम आपले नाही ते योग्य माणसाकडे सोपवा. जखम डॉक्टरांनी पाहावी, युक्तिवाद वकिलाने करावा.

मग परवाना हवा की नको?

उद्या समाजकार्यकर्त्यांची परिषद आलीच, तर आपली भूमिका काय असावी? आपली शेकडो मुले समाजकार्याची पदवी घेऊन कंत्राटी नोकऱ्या करतात. नोंदणी आली तर त्यांच्या पदवीला वजन येईल आणि नियमांविना चालणाऱ्या केंद्रांना आळा बसेल. हा फायदा खरा आहे. धोकाही तेवढाच खरा आहे. वस्तीतली न शिकलेली पण तीस वर्षे लोकांसोबत उभी असलेली उपासिका एका कागदाअभावी 'अनधिकृत' ठरेल. अत्याचारपीडिताच्या बाजूला कोण उभे राहणार हे परवाना देणारे कार्यालय ठरवू लागले, तर ज्यांना त्या कार्यालयाचा रस्ता कधी सापडला नाही त्यांचेच नुकसान होईल.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. तज्ज्ञ सेवा देणाऱ्याला नोंदणी असावी आणि ती सर्व राज्यांत चालावी. पीडिताला सोबत करणाऱ्याचा हक्क मात्र कलम १५क मध्ये आहे तसाच, परवान्याविना, खुला राहावा.

तोवर आपल्या हाती जे आहे ते पक्के करू. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. हे कलमांचे आकडे वहीत उतरवा, संमतीपत्राचा एक नमुना तयार करून त्याच्या प्रती विहारात ठेवा आणि हेल्पलाइनचे क्रमांक भिंतीवर लावा. पुढचा फोन रात्री साडेदहाला येईल तेव्हा ती वही हाताशी असली पाहिजे.

जय भीम. नमो बुद्धाय.